शेवाळलेली घाटी, पद्मिनी आणि मारुती ८००

संगमेश्वर तालुक्यातल्या एका घरात दोन जुन्या गाड्या आहेत आणि त्यातली एकच ठेवायची आहे. एक १९९२ ची प्रीमियर पद्मिनी, दुसरी १९९७ ची मारुती ८००. दोन्ही पेट्रोलवरच्या, दोन्ही कार्ब्युरेटरच्या, दोन्ही चालत्या. घरमालक सत्तरी ओलांडलेले निवृत्त मुख्याध्यापक, गाव त्यांना अण्णा म्हणतं. मुलगा-सून पुण्याला. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. गाडी तपासणीला न्यायची, पर्यावरण कर भरायचा, विमा चालू ठेवायचा. एवढा व्याप दोन गाड्यांसाठी करणं आता अण्णांना झेपत नाही. आणि त्या घराला एक घाटी आहे, तिच्यामुळे हा प्रश्न आवडीनिवडीवर सोडता येत नाही.

घर डांबरी रस्त्याच्या बरंच वर आहे. रस्त्यापासून खळ्यापर्यंत जांभ्याचे चिरे बसवलेली, मधेमधे सिमेंट ओतलेली अरुंद वाट जाते. चढ साधारण पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर वर असा. वर जाताना डाव्या अंगाला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, त्याच्यावर आंब्याची सावली. आषाढ लागला की गडग्यातून पाणी झिरपतं आणि डावीकडच्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं ते नवरात्रापर्यंत हटत नाही. चालणारा माणूससुद्धा तिथे उजवी बाजू धरून चालतो.

गेल्या पावसाळ्यात या घाटीवर दोन गोष्टी घडल्या. मुलगा आणि सून आले होते. बाजार करून चौघं मारुतीतून परतत असताना अर्ध्या चढावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. गाडी वर जाईना, उलट इंचाइंचाने खाली सरकायला लागली. सगळे उतरले, मुलाने गाडी हळूहळू खाली रस्त्यावर घेतली. मग पद्मिनी काढून तीच चार माणसं, त्याच पिशव्या तिच्यातून वर नेल्या. ती कुरकुर न करता चढली. घरात निकाल लागला की मागच्या चाकांनी रेटणारी गाडीच कोकणात खरी, मारुती विकून टाकू. दोनच दिवसांनी अण्णा एकटे पद्मिनी घेऊन गेले आणि येताना त्याच जागी तिचं मागचं चाक घसरलं. शेजारचा मुलगा म्हणाला, “अण्णा, थांबा, मी बघतो,” आणि खाली ठेवलेली मारुती एकट्याने सरळ वर घेऊन आला.

आता कोणतं खरं? अण्णांनी मला बोलावलं ते याच प्रश्नासाठी. “तू गाड्यांतला माणूस. मला सरळ सांग, कुठली ठेवू?”

सरळ उत्तर देता येत होतं, पण कारण कळल्याशिवाय ते अण्णांना पटलं नसतं. आयुष्यभर मुलांना गणित शिकवलेला माणूस. म्हणून आम्ही पडवीत बसून कागदावर आकडे मांडले. ती मांडणी इथे देतो आहे, कारण जुनी गाडी घ्यायला किंवा ठेवायला निघालेले बरेच जण याच जागी अडकतात. कुणी म्हणतो पुढची ओढ चांगली, कुणी म्हणतो मागचा रेटा चांगला. गाडीत कोण बसलंय आणि गाडीचं तोंड कुठे आहे हे मात्र कुणी विचारत नाही.

दोन गाड्या, दोन विचार

पद्मिनी मूळची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. १९६४ मध्ये ती फियाट ११०० डिलाइट म्हणून आली आणि सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळालं. २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन पुढे, उभं बसवलेलं. त्याच्या मागे क्लच, मग गिअरबॉक्स, तिथून गाडीच्या पोटाखालून प्रोपेलर शाफ्ट मागे जातो, डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या दात्यांच्या डब्यात, ताकद काटकोनात वळते आणि मागच्या चाकांना मिळते. मागचा एक्सल सलग, पाट्यांच्या स्प्रिंगवर. आतल्या जमिनीवर मधोमध जो उंचवटा दिसतो तो या शाफ्टसाठी. गिअर स्टिअरिंगखाली असल्यामुळे पुढची सीट सलग बाकासारखी, त्यावर तिघं बसतात.

मारुती ८०० पहिल्यांदा १४ डिसेंबर १९८३ ला ग्राहकाच्या हाती पडली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली. अण्णांची आहे ती १९८६ नंतरच्या, दुसऱ्या बॉडीची. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आडवं बसवलेलं, गिअरबॉक्स त्याच्याच रेषेत शेजारी, डिफरन्शियल त्याच डब्यात. तिथून दोन छोटे ड्राइव्ह शाफ्ट थेट पुढच्या चाकांत. पोटाखाली फिरणारं काहीही नाही. त्यामुळे ३.३४ मीटरच्या गाडीत चार माणसं बसतात. पद्मिनी ३.९३ मीटर लांब, तरी मागच्या सीटवरच्या गुडघ्यांना मिळणाऱ्या जागेत तेवढा फरक नाही.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. पद्मिनीच्या इंजिनाचं कूळ १९३७ च्या फियाट ५०८ सी पर्यंत जातं, आणि त्या गाडीमागे होते इटलीतल्या तूरिनचे अभियंते दान्ते जाकोसा. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्या टोकाला, दोन असमान लांबीचे शाफ्ट पुढच्या चाकांकडे, ही रचनाही जाकोसांनीच रुळवली, १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुलात आणि मग १९६९ च्या फियाट १२८ मध्ये. आडवं इंजिन १९५९ मध्ये इंग्लंडच्या मिनीने लोकप्रिय केलं होतं, पण तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, तेलाच्या टाकीतच होता. पुढे जगाने उचलली ती जाकोसांची मांडणी, आणि मारुती ८०० तिच्याच वळणाची. म्हणजे अण्णांच्या खळ्यात शेजारी उभ्या असलेल्या या दोन गाड्यांची मुळं एकाच माणसाच्या कागदांपर्यंत पोचतात. फियाट घराण्याला जुनाट म्हणून हसणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

वजन कुठे आहे

दोन्ही इंजिनांची ताकद जवळपास सारखी, ४० अश्वशक्तीच्या आसपास. वजनात मात्र मोठं अंतर. पद्मिनी रिकामी सुमारे ८९५ किलो, मारुती सुमारे ६५०. नुसता इंजिनाचा दम पाहिला तर मारुती सरस ठरते, आणि घाटरस्त्यावर ते जाणवतंही. पण अण्णांच्या घाटीवर इंजिन कमी पडलं नव्हतं. चाक फिरत होतं, जमीन धरत नव्हतं.

चाक जमीन किती धरणार हे दोन गोष्टींवर ठरतं. जमीन कशी आहे, आणि ज्या चाकाला इंजिनाची ताकद मिळते त्या चाकावर वजन किती आहे. चाकावरच्या वजनाच्या किती पट पकड मिळते तो आकडा म्हणजे घर्षणांक. कोरड्या सिमेंटवर टायरचा घर्षणांक ०.७ च्या पुढे असतो, ओल्यावर ०.५ च्या आसपास येतो. शेवाळावर तो ०.३ ते ०.४ पर्यंत घसरतो असं धरून आम्ही पुढे गेलो.

मारुतीचं इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळं नाकात, म्हणून रिकाम्या गाडीचं ६२ टक्के वजन पुढच्या चाकांवर धरलं. पद्मिनीचं पुढे ५३, मागे ४७. गुरुत्वमध्याची उंची मारुतीची अर्धा मीटर, पद्मिनीची त्याहून पाच सेंटिमीटर जास्त. हे अंदाज आहेत, काट्यावर गाडी चढवून काढलेले आकडे नव्हेत. पण ते थोडे इकडेतिकडे केले तरी निष्कर्ष पालटत नाही, हे अण्णांनी स्वतः दोन-तीनदा करून पाहिलं.

एकटा माणूस मारुती घेऊन चढतो तेव्हा गाडी होते ७२० किलोची. पाचास एक चढावर तिला वर ढकलायला १४१ किलो जोर लागतो. चढावर थोडं वजन मागच्या चाकांकडे सरकतं, तरी पुढच्यांवर जवळपास ४०० किलो उरतं. १४१ भागिले ४००, म्हणजे तिला ०.३५ इतका घर्षणांक पुरतो. पद्मिनीत एकटा माणूस असला तर वजन ९६५, लागणारा जोर १८९, मागच्या चाकांवर ४९४ किलो. तिला ०.३८ लागतो.

आता चार माणसं आणि डिकीत चाळीस किलो सामान. मागे बसलेली दोघं जवळजवळ मागच्या एक्सलवरच बसलेली असतात, आणि डिकीतलं सामान तर एक्सलच्याही मागे. ते पुढची चाकं उचलून धरण्याचंच काम करतं. मारुती ९७० किलोची झाली, पण पुढच्या चाकांचा वाटा निम्म्यावर आला, आणि चढावर तोही घटून ४३२ किलो राहिला. लागणारा जोर १९०. भागाकार ०.४४. पद्मिनीचं उलटं झालं. माणसं आणि सामान सगळं तिच्या कामाच्या चाकांवर येऊन बसलं. १२१५ किलोची गाडी, जोर २३८, मागच्या चाकांवर ७११ किलो. भागाकार ०.३४ च्याही आत.

कागदावर हे चार आकडे शेजारी आले तेव्हा अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. घाटीचा घर्षणांक ०.३७ च्या आसपास मानला की दोन्ही दिवसांचा उलगडा होतो. भरलेली मारुती अडकणार, भरलेली पद्मिनी जाणार. रिकामी मारुती जाणार, रिकामी पद्मिनी घसरणार. शेजारच्या मुलाचं कौशल्य त्यात नव्हतं आणि मुलाची चूकही नव्हती.

मग मी विचारलं, “अण्णा, वर्षातून किती वेळा गाडीत चार माणसं असतात?” काकू आतूनच म्हणाल्या, “गणपतीत आणि मे महिन्यात. एरवी हे आणि मी.” दोघं पुढच्या सीटवर. तो हिशेबही मांडला. मारुतीला ०.३६, पद्मिनीला ०.३८. फरक थोडा, पण मारुतीच्या बाजूने. आणि गणपतीत भरल्या गाडीनेच चढायचं असेल तर तिला उलटं करून रिव्हर्समध्ये वर न्यायचं. उलट्या चढाईत वजन पुढच्या, म्हणजे आता खालच्या बाजूला असलेल्या चाकांकडे सरकतं, आणि ०.४४ चा आकडा ०.३७ च्या आत येतो. रिव्हर्स गिअर पहिल्या गिअरच्या जवळपासचाच असतो, त्यामुळे इंजिनालाही जड जात नाही. खांद्यावरून मागे बघत अरुंद घाटीत गाडी नेणं मात्र सत्तरीतल्या मानेचं काम नाही. ते मुलाने करावं. नाहीतर मागच्या दोघांनी खाली उतरून चालत यावं, तेवढ्यानेही भागतं.

उताराचा हिशेब

चढाचा फरक थोडक्यात मिटला. माझा कौल ठरला तो उतारावर. चढताना चाक घसरलं तर गाडी थांबते, ब्रेक दाबता येतो, माणसं उतरू शकतात. उतरताना घसरलेली गाडी थांबवणं आपल्या हाती राहतंच असं नाही. या घाटीच्या तळाशी डांबरी रस्ता आहे, त्यावरून एसटी आणि चिऱ्यांचे डंपर जातात.

आपल्याकडे शिकवण अशी की तीव्र उतारावर पहिल्या गिअरमध्ये उतरावं, इंजिन गाडीला धरून ठेवतं. कोरड्या घाटरस्त्यावर ही शिकवण योग्यच आहे. पण इंजिन धरतं ते त्याच्याशी जोडलेल्या चाकांनीच. उतारावर वजन पुढे सरकतं. मारुतीच्या पुढच्या चाकांवर, दोघं बसलेली असताना, ५०० किलो येतात आणि तिला ०.३१ पुरतो. पद्मिनीची मागची चाकं नेमकी तेव्हाच हलकी होतात, ४३८ किलो उरतात, आणि फक्त इंजिनाच्या भरवशावर राहिलं तर तिला ०.४६ लागतो. तो त्या चिऱ्यांवर मिळत नाही. मागची चाकं सरकली की गाडीचा पार्श्वभाग पुढे यायला बघतो आणि गाडी वाटेत आडवी होते. पुढची चाकं सरकली तर गाडी वळत नाही, सरळ खाली जाते. तेही वाईटच, पण ब्रेकवरचा पाय सैल केला की पुढची चाकं पुन्हा फिरू लागतात आणि स्टिअरिंग हाती येतं. आडवी गेलेली गाडी अरुंद घाटीत सावरायला जागाच नसते.

अण्णा यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “श्रावणात एकदा शेपूट फिरली होती. मला वाटलं टायर गुळगुळीत झालाय.” टायरही झालेच असतील. पण नव्या टायरवरही हा धोका कमी होतो, जात नाही. ज्यांच्याकडे मागच्या चाकांची गाडी आहे आणि अशीच वाट आहे, त्यांना माझं सांगणं आहे की शेवाळावरून उतरताना नुसत्या पहिल्या गिअरवर विसंबू नका. पायाचा ब्रेक अगदी हलका, सुरुवातीपासून लावून ठेवा, म्हणजे भार चारही चाकांत वाटला जातो. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. खाली वहाळातून, साचल्या पाण्यातून आल्यावर ते ओले असतात आणि काही क्षण धरत नाहीत. वर येण्याआधी, खाली जाण्याआधी ते एकदा दाबून पाहायचे.

पद्मिनीच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. दोन्ही गाड्यांचं डिफरन्शियल साधं आहे. डावं चाक शेवाळावर फिरायला लागलं की उजव्यालाही तेवढीच ताकद मिळते जेवढी डावं झेलू शकतं, म्हणजे जवळजवळ नाहीच. पण पद्मिनीचा हँडब्रेक ज्या मागच्या चाकांना लागतो त्यांनाच इंजिनाची ताकद मिळते. चाक फिरायला लागल्यावर हँडब्रेक थोडासा ओढला की फिरणाऱ्या चाकाला अडसर मिळतो आणि दुसऱ्या, पकड असलेल्या चाकापर्यंत ताकद पोचते. जुने टॅक्सीवाले, जीपवाले ही युक्ती हाताने जाणतात. मारुतीत ती चालत नाही, तिचा हँडब्रेक मागे आणि ओढ पुढे. दुसरीकडे पद्मिनीचा सलग एक्सल प्रोपेलर शाफ्टच्या पिळाने किंचित तिरका होऊ पाहतो आणि जोर लावताना उजवं मागचं चाक थोडं हलकं पडतं. शेवाळ डावीकडे, हलकं होतं ते उजवं, म्हणून या घाटीवर ते फारसं नडत नाही. आडव्या इंजिनाच्या मारुतीत हा पीळ नाही.

मिस्त्री, माती आणि सुटे भाग

यावर फार लिहीत नाही, कारण इथे दोघींची तुलनाच होत नाही. मारुतीचा सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळतो, तिथे नसला तर रत्नागिरीत किंवा चिपळुणात. पद्मिनीचा भाग मुंबईहून, बहुतेक कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून मागवावा लागतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटची ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ती ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. इतक्या वर्षांत त्या हजारो टॅक्सींमुळेच पद्मिनीचे भाग बनत होते आणि हात तयार होत होते. आता ती मागणी गेली. ज्या मिस्त्रीला क्राउन-पिनियनचं, म्हणजे डिफरन्शियलमधल्या दोन दात्यांच्या चाकांचं, अंतर कानाने ओळखता येतं, तो आज साठीच्या पुढे आहे आणि त्याच्या हाताखाली शिकणारा कुणी नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

मारुतीचा नाजूक अवयव म्हणजे ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचे सीव्ही जॉइंट, चाक वळलं तरी ताकद पोचवणारे सांधे. त्यांच्यावर रबरी बूट असतो, आत ग्रीस. बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि आपली लाल माती आत. मग पूर्ण वळण घेताना चाकातून कट-कट आवाज येतो. या आवाजाकडे दुर्लक्ष करू नये. बूट फाटलेला वेळीच दिसला तर खर्च किरकोळ, जॉइंट गेला तर शाफ्टच बदलायची वेळ. अण्णांच्या गाडीचा डावीकडचा बाहेरचा बूट तडकलेला निघाला. पुढची चाकं ओढतात, वळतात आणि ब्रेकचा मोठा भारही घेतात, त्यामुळे टायर पुढचे आधी झिजतात. घाटी चढायची तर चांगली नक्षी पुढेच हवी. पद्मिनीत प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, वेळेवर ग्रीस झाले तर वर्षानुवर्षं टिकतात, हे तिचं मोठं सुख.

एक गोष्ट दोघींना लागू आहे. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण वाढलं आहे आणि या वयाच्या गाड्यांचे रबरी पाइप, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरमधले वॉशर त्यासाठी बनलेले नव्हते. पाइप फुगतात, चिरतात. जुनी गाडी ठेवायची तर हे सगळं नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं बसवून घ्या. इंजिनाच्या उष्णतेत पेट्रोलचा वास येणं म्हणजे आगीची सूचना आहे.

काय ठरलं

मी अण्णांना मारुती ठेवा म्हणालो. चढ चांगला चढते म्हणून नव्हे, तो फरक कागदावरही बोटभराचा आहे. अण्णा आणि काकू दोघंच पुढे बसून, पावसात, त्या वाटेने खाली उतरणार आहेत म्हणून. याच घरात पाच माणसं राहत असती, वाट सपाट असती आणि दाराशी पद्मिनी जाणणारा मिस्त्री असता, तर मी पद्मिनी ठेवा म्हणालो असतो आणि आनंदाने म्हणालो असतो. तिच्यासारखं संथ, जाड पत्र्याचं, खड्डा पोटात घेणारं चालणं त्या छोट्या गाडीत नाही.

पद्मिनी विकायला मात्र मुलगा तयार झाला नाही. तो ती पुण्याला नेणार आहे. राज्यातल्या राज्यात असल्यामुळे एमएच ०८ नंबर तसाच राहतो, पत्ता बदलून घ्यावा लागतो. नेण्याचा बेत दिवाळीनंतरचा, कुंभार्ली घाटाने, भल्या पहाटे निघून. पद्मिनीच्या बाबतीत पहाटेला अर्थ आहे. दुपारच्या उन्हात लांब चढावर गाडीतल्या पेट्रोलच्या पंपापाशीच पेट्रोलची वाफ होते, गाडी आचके देत बंद पडते, मग पंपावर ओलं फडकं ठेवून वाट बघत बसावं लागतं. रेडिएटरचे पाइप आणि थर्मोस्टॅट आधी पाहून घे असं मी त्याला सांगितलं आहे. ब्रेकचा मास्टर सिलिंडर उघडून किटही बदलून घ्यायला सांगितलं. १९९२ च्या गाडीला एवढ्या लांब उतारचढावर नेण्याआधी ब्रेक उघडून न पाहणं मला मान्य नाही.

मारुतीला डाव्या शाफ्टचे दोन्ही बूट नवे बसले. पुढे १४५/७० आर १२ मापाचे दोन नवे टायर आले, आणि आधीच्या पुढच्यांतला बरा होता तो स्टेपनीला गेला. गणपतीत येणाऱ्यांसाठी नियम ठरला: मागचे दोघं आणि सामान खालीच उतरायचं.

घाटीचं काम गवंड्याला दिलं आहे. चाकं जातात त्या दोन पट्ट्यांत सिमेंट घालून, ते ओलं असतानाच वितभर अंतरावर आडव्या खाचा पाडायच्या, पाणी गडग्याकडे वाहील अशा जरा तिरक्या. गडग्याच्या पायथ्याला चर खणायचा, म्हणजे झिरपणारं पाणी वाटेवर येणार नाही. सिमेंट पुरतं घट्ट व्हायला हवं, म्हणून हे पाऊस पूर्ण थांबल्यावर, कार्तिकात.